वकीलसाहेब रस्त्यात आहेत

दिगंबर गेल्याची बातमी मला अदालतीतून आली, आणि तीही दुसऱ्या क्रमांकाने. माझ्या हाताखालचे शिकाऊ वकील वामनराव दुपारी परतले, मिसलींचे कागद मेजावर ठेवले, दाव्याची पेशी पुढच्या महिन्यात गेल्याचे सांगितले आणि मग टोपी काढता काढता म्हणाले, "आन् दिगंबरराव गेले. सकाळीच. वकिलांच्या खोलीत सांगत हुते." मी आधी पेशीची तारीख लिहून घेतली. लिहायला लाज वाटते, पण तसेच घडले. तारीख लिहून झाल्यावर लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "कोण दिगंबरराव?" बीडच्या अदालतीत या नावाचा दुसरा वकील नाही, हे मला पक्के ठाऊक असताना विचारले...

तिसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत शोकसभा झाली. आम्ही दोघे ज्यांच्या हाताखाली घडलो, किंवा बिघडलो, ते आमचे जुने वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, ज्याला कळायचे त्याला कळेल. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत आहे. म्हणाले, "दिगंबरने एकोणीस वर्षांत कधी घड्याळाकडे पाहिले नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, एकाने तर रुमाल काढला. मला हसू आले आणि ते दाबताना ठसका लागला. शेजारच्यांना वाटले मला भरून आले आहे. दिगंबरने घड्याळाकडे पाहिले नाही हे अगदी खरे आहे. त्या कचेरीत घड्याळ एकच, आणि ते वकीलसाहेबांच्या गादीसमोर, म्हणजे आमच्या पाठीमागच्या भिंतीवर होते. कोणी मान वळवली की साहेब विचारायचे, "कावून, घरी कोन वाट बघतंय?"  सात वर्षे मीही ते घड्याळ पाहिले नाही. या वृत्तपत्राच्या संपादकांनी दिगंबरवर चार शब्द लिहायला सांगितले, तेव्हा ठरवले की त्या सभेत जे बोलले गेले नाही तेवढेच लिहायचे.

आम्ही दोघे एकाच वर्षी हैदराबादेहून वकिलीची परीक्षा पास होऊन आलो. मी शिरूर कासारचा, तो घाटनांदूरचा. मोठ्या वकिलाकडे काही वर्षे काढायची आणि मग आपली पाटी लावायची, असा सगळ्यांचाच बेत असतो. कामाची वेळ अशी काही नव्हती. सकाळी न्हावी वकीलसाहेबांच्या गालाला साबण लावू लागला की आमचा दिवस सुरू होई, कारण दाढी होईपर्यंत त्यांना त्या दिवसाच्या पेश्या वाचून दाखवाव्या लागत. ते संध्याकाळी जेवायला उठले की दिवस संपे, आणि ते कधी उठणार हे त्यांच्या पोटालाच माहीत. शुक्रवारी अदालतीला सुट्टी, पण कचेरीला नाही, कारण त्याच दिवशी खेड्यापाड्यांतले मुवक्किल, म्हणजे पक्षकार, बाजार उरकून येत. पगार हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. पहिली दोन वर्षे आम्ही शिकत होतो. शिकणाऱ्याला पगार कसला, त्यानेच गुरुदक्षिणा द्यायची, असे साहेब हसत हसत म्हणायचे आणि आम्हीही हसायचो, इतके आम्ही बावळट होतो. पुढे महिन्याला जे हातावर पडू लागले ते त्यांच्या टांगेवाल्याच्या पगारापेक्षा कमी होते. हे मला टांगेवाल्यानेच सांगितले, तेही बिचाऱ्याने वाईट वाटून.

सवलती मात्र भरपूर. मिसलींचे गाठोडे मांडीवर घेऊन टांग्यात पुढे, टांगेवाल्याशेजारी बसायला मिळे. मुवक्किलांसाठी केलेला चहा उरला तर मिळे. आणि सगळ्यांत मोठी सवलत म्हणजे शेरवानी. अदालतीत काळ्या शेरवानीशिवाय वकिलाला उभे राहता येत नसे. स्वतःची शिवून घेण्याची आमची ऐपत नाही हे ध्यानात येताच वकीलसाहेबांनी उदार होऊन आपली जुनी शेरवानी कचेरीला दिली. ऐपत का नाही, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. माणसे दोन, शेरवानी एक. ज्याची पाळी तो ती घालून अदालतीत जाई, दुसरा कचेरीत बसून कागदांच्या नकला करी. दिगंबर उंच, त्याचे मनगट बाहेर राही; मी किरकोळ, माझी बोटे आत जात. गळ्याखालचे दुसरे बटण कायम सैल. ते सुटू नये म्हणून उभे राहताना छातीवर हात धरावा लागे, आणि न्यायासनावरच्या मुन्सिफसाहेबांना वाटे की ही मंडळी फारच अदबशीर आहेत.

एवढा सगळा साज करून आम्ही अदालतीत काय करत होतो? एक वाक्य बोलत होतो. पुकारा झाला की उभे राहायचे, छातीवर हात, आणि म्हणायचे, "वकील साहब रास्ते में हैं, हुजूर." वकीलसाहेब रस्त्यात आहेत. त्यावर अर्धा तास मिळे, नाहीतर पुढची तारीख. वकीलसाहेब रस्त्यात क्वचितच असत. ते झोपाळ्यावर असत, मित्राकडे पत्ते खेळत असत, कधी दुसऱ्या अदालतीत मोठ्या मुवक्किलाचे काम चालवत असत. दिगंबरचे उर्दू माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. तो ते वाक्य इतक्या गोडीने बोलायचा की ऐकणाऱ्याला टांगा बिंदुसरेच्या पुलावर आलेला दिसावा. दावा तोच लिहायचा, साक्षीदार तोच तयार करायचा, कायद्याची कलमे तोच काढून द्यायचा. मुवक्किल ज्या कागदाने वकील नेमतो त्या वकालतनाम्यावर नाव मात्र नेहमी साहेबांचे. दिगंबरला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एका वकालतनाम्यावर, साहेबांच्या नावाखाली का होईना, आपले नाव. दर दसऱ्याला तो विचारायचा आणि दर दसऱ्याला उत्तर मिळायचे, "आजून कच्चा हायेस. जरा दम धर."

चकलांब्याच्या सुंदराबाईचा दावा आला तेव्हा आम्हाला सातवे वर्ष लागले होते. नवरा वारल्यावर दिराने सामाईक विहिरीवरची तिची मोटेची पाळी बंद केली होती. आठवड्यातले तीन दिवस तिचे, हे सगळ्या गावाला माहीत, पण तोंड उघडायला कोणी तयार नाही. दिगंबर स्वतः चकलांब्याला गेला, विहीर पाहिली, दोन शेजाऱ्यांना साक्षीला राजी करून आला. खूष होऊन साहेब म्हणाले, हा दावा निकाली निघाला की पुढच्या वकालतनाम्यावर तुझे नाव. त्या रात्री... नाही, त्या संध्याकाळीच त्याने मला बोरूने आपली सही गिरवून दाखवली. तीन तऱ्हेची. यातली कोणती शोभेल म्हणून विचारत होता.

अखेरच्या पेशीला शेरवानीची पाळी त्याची होती. सकाळी दाढी चालू असताना मीच साहेबांना वाचून दाखवले, आज सुंदराबाई, अकराला. त्यांनी हूं केले. पण त्यांचा जावई आला होता, घरात पुरणाचा घाट घातला होता, आणि अकरा वाजता साहेब पाटावर बसले ते दीडला विडा खाऊन उठले. मी मधल्या दारातून दोनदा डोकावलो. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी परत नकला करायला बसलो.

अदालतीत काय झाले ते मला सुंदराबाईने सांगितले. मुन्सिफ नवे होते, कडक पण सरळ. तारखांना कंटाळले होते. दिगंबरला म्हणाले, मिसल तुमच्या हातात आहे, अर्ज तुमच्याच अक्षरातला दिसतो, बाई समोर उभी आहे. ती हो म्हणत असेल तर आज तुम्हीच बोला. "मी लगीच हो म्हनलं," सुंदराबाई सांगत होती, "म्हनलं बोला की दादा, समदं तुमीच तर लिव्हलंय. त्यो हुबा ऱ्हायला. छातीवर हात ठिवला. आन् म्हनला, वकीलसाब रस्त्यात हायेत." मुन्सिफांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मग त्यांनी दावा खारीज केला आणि पुढचा पुकारा करायला सांगितले.

दिगंबर कचेरीत आला आणि शेरवानी न काढताच खाली बसला.  "समदं तोंडात हुतं बे," तो म्हणाला. "पाळीचे वार, साक्षीदारांची नावं, कलमं... तोंड उघडलं आन् तेच निघालं." सात वर्षे माणसाला एकच वाक्य बोलू दिले तर त्याच्या तोंडून दुसरे काय निघणार? पण हे मला आता सुचते आहे. तेव्हा मी त्याला पाणी आणून दिले आणि मनात म्हणालो, बरे झाले आज माझी पाळी नव्हती.

खारीज झालेला दावा पुन्हा उघडायचा तर महिन्याच्या आत अर्ज द्यावा लागे आणि वकील हजर का नव्हता याचे सबळ कारण हलफनाम्यावर, म्हणजे शपथेच्या कागदावर, लिहावे लागे. पुरणपोळी हे सबळ कारण नाही. साहेबांनी दुसरे शोधून काढले. दिगंबरने पेशीची तारीख त्यांना चुकीची कळवली. "तुजं काय जातंय? तू कुटं वकालतनाम्यावर हायेस?" असे ते त्याला समजावून म्हणाले, आणि बाईचे नुकसान टळेल असेही म्हणाले, कारण दिगंबर कशाला विरघळतो ते त्यांना ठाऊक होते. दिगंबरने आपल्या मोत्यासारख्या उर्दू अक्षरात हलफनामा लिहिला. खाली पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, घाटनांदूरसकट. शाई वाळेपर्यंत त्या नावाकडे पाहत बसला. त्या कचेरीतून अदालतीत गेलेला त्याच्या नावाचा तो पहिला कागद, आणि एकोणीस वर्षांत तो एकच राहिला. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे. खरी तारीख त्या सकाळी मीच वाचून दाखवली होती, तरी सही माझी आहे.

दावा पुन्हा उघडला, साहेब त्या दिवशी वेळेवर गेले, दिगंबरने लिहून दिलेले बोलले आणि जिंकले. सुंदराबाईच्या मोटेला तिचे तीन दिवस मिळाले. बाई शहाणी होती. पुढे दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला सीताफळांची पाटी घेऊन यायची ती दिगंबरकडे, साहेबांकडे नाही. आणि हा गृहस्थ ती पाटी उचलून साहेबांच्या माजघरात नेऊन ठेवायचा, मुवक्किलाची वस्तू म्हणून. वकालतनाम्यावरच्या नावाचे पुन्हा निघाले तेव्हा साहेब म्हणाले, तारीख चुकवणाऱ्या माणसाचे नाव कसे घालायचे, अदालतीत कागद आहे ना. हे मात्र ते न हसता म्हणाले. बहुधा त्यांना ते खरेच वाटू लागले होते.

त्या निकालानंतर दोन महिन्यांनी मी बाहेर पडलो. शेरवानी उचलून आणली. चोरली म्हणा हवे तर. दिगंबरला म्हटले, तूही चल, दोघांची पाटी लावू. "मी गेलो तर त्यांचं काम कोन करंल बे?" तो म्हणाला. त्या क्षणी मला त्याचा तिटकारा आला. साहेबांचा येतच होता, पण त्याचा जास्त आला. त्यानंतर बारा वर्षे एकाच गावात राहून आम्ही अदालतीच्या व्हरांड्यात मान हलवण्यापलीकडे फारसे बोललो नाही.

या उन्हाळ्यात तो अचानक माझ्या कचेरीत आला. खंगला होता, पायऱ्या चढून धाप लागली होती. वामनराव अदालतीत निघाले होते. त्यांच्या अंगावरची शेरवानी त्याने लगेच ओळखली. जवळ गेला, गळ्याखालचे दुसरे बटण चाचपले आणि म्हणाला, "आजून ढिलंच हाय की. हुबं ऱ्हाताना हात ठिवत जा." वामनराव म्हणाले, ठेवतो. ते गेल्यावर दिगंबर बराच वेळ दाराकडे पाहत होता. मग मला विचारले, "बोलू देतोस का त्येला?"

"अजून कच्चे आहेत," मी म्हणालो.

त्याने तांब्या उचलला. पाणी प्याला आणि गेला. मी मात्र चिडलो. चांगली पंधरा मिनिटे एकटाच बडबडत होतो, की कचेरी चालवणे म्हणजे काय असते ते एकोणीस वर्षे दुसऱ्याच्या नकला करणाऱ्याला काय कळणार. ती आमची शेवटची भेट.

हा लेख आज सकाळपासून लिहितो आहे. न्हावी येऊन गेला, त्याच्यासमोर वामनरावांनी पेश्या वाचून दाखवल्या, अकराला एक होती. ते त्यांच्या वेळेवर गेले. आता साडेबारा होत आले आहेत. समोरची खुंटी रिकामी आहे, आणि शेरवानी कुठे आहे, बटणावर कोणाचा हात आहे आणि या घटकेला तिथे काय सांगितले जात आहे, हे मला इथे बसून स्वच्छ ऐकू येते.