टोक न झिजलेले खडू

चौथीत असताना, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, शेवटच्या तासाला माझ्या शेजारी बसणाऱ्या रुबिनावर अन्याय झाला. परवा रत्नागिरीतल्या एका शाळेत देणगीचा खोका उघडला, मेणखडूंचा तोच गोडसर वास आला आणि मनात पहिला संशय आला: हे मुलांच्या हातात राहतील का?

तेव्हाचे खडू कुवेतला असलेल्या एका गाववाल्याने पाठवलेले. फोटोपुरते वाटले गेले. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या रुबिनाने तेवढ्यात बापाची होडी काढली, वरून निळी रंगवली आणि तळासाठी लाल खडू उचलला. तोच बाईंनी खडू परत मागितले.

"बाई, तळाचा रंग ऱ्हायला. रंग नसला तर लाकूड कुजतं ना!"

"मोठी आली होडी रंगवणारी! फोटो झाला ना? तपासणीला खोका भरलेला दिसायला हवा."

मी मॉनिटर. तिच्या मुठीतला खडू मीच ओढून काढला. तेव्हा ती शिस्त वाटली, आज चोरी वाटते. कपाटाला कुलूप लागलं आणि रुबिना पुन्हा गप्प झाली.

देणगीच्या फोटोंना टाळ्या वाजवू नका. तुमच्या गावच्या शाळेत जा, कपाट उघडायला लावा आणि खडूंची टोकं झिजलीत का, ते बघा.