सोजराबाईंची मुकी राखण

सोजराबाईंचा आवाज पाच शिवारांत जायचा. लग्न होऊन मी या गावी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे अंथरुणात दचकून उठून बसले. वाटलं, कुणाच्या तरी घरी मयत झाली. सासूबाई चूल पेटवता पेटवता म्हणाल्या, "काही नाई वं, सोजरा पाखरं हाकलून राह्यली." ते शेत नाल्यापलीकडे, चांगलं अर्ध्या कोसावर होतं.

लहानपणी सोजराबाई म्हणे माहेरी एका कोरड्या विहिरीत पडल्या होत्या. त्यांची हाक ऐकून शेजारच्या गावची माणसं दोर घेऊन धावत आली. त्यांच्या स्वतःच्या गावातलं कुणीच आलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, हिचं नेहमीचंच आहे.

तर या आवाजावरच त्यांना किसनरावांकडे ज्वारीची राखण मिळाली. किसनराव आमचे शेजारी, आमची आणि त्यांची भिंत एक. ज्वारी हुरड्याला आली, की सोजराबाईंनी उजाडता उजाडता मचाणावर चढायचं, कमरेला गोफण, हाताशी पत्र्याचा डबा, आणि "हाऽऽरे हाऽऽ" करत दिवस बुडेपर्यंत ओरडायचं. घरी दोन मुलगे, दोन सुना, सात नातवंडं आणि भिंतीला लागून पिठाची गिरणी. शांतता म्हणून काही असतं हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं. गावात त्यातल्या त्यात शांत जागा म्हणजे ते मचाण, आणि तिथे अकरा वर्षं त्या स्वतःच ओरडत होत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. ग्रामसेवकाच्या सांगण्यावरून किसनरावांनी त्या साली पहिल्यांदा हायब्रीड ज्वारी पेरली. ती बुटकी ज्वारी सगळ्यांच्या आधी दाण्यावर आली. शिवारात दुसरीकडे कुठे दाणा नाही, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासूनच्या चिमण्या आणि पोपट एकट्या किसनरावांकडे जेवायला. ग्रामसेवक पाहुणे घेऊन पीक दाखवायला आला, त्या दिवशी सोजराबाईंनी जो आवाज लावला, तो पाहुण्यांनी कानात बोटं घालूनच ऐकला. दुसऱ्या दिवशी सोजराबाईंच्या तोंडून नुसता वारा निघाला.

संग्रामपूरच्या बाजारात वैद्य बसत. त्यांनी घसा पाहून सांगितलं, महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

आता हे किसनरावांना सांगितलं तर मचाण जाणार. म्हणून सोजराबाई गुपचूप चढल्या आणि डबा बडवू लागल्या. डबा वाजला की चिमण्या इकडून उठायच्या आणि तिकडे बसायच्या. दुपारी डब्याचं बूड निघालं. सोजराबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. "मले वाटलं, आता कनसं मोजत बसाचं," असं त्या मला नंतर म्हणाल्या.

तेव्हा त्यांना शेत ऐकू आलं. पानाला पान घासायचा आवाज वेगळा आणि कणसाला कणीस लागायचा वेगळा. खाली बांधावर मुंगूस पाचोळ्यातून जायचं. नाल्यात इतकं थोडं पाणी होतं, तरी ते एका दगडापाशी थांबून पुढे जायचं, तो थांबल्याचा आवाजसुद्धा येत होता. आणि नाल्याकाठच्या बाभळीवर चिमण्यांचा बाजार भरलेला. तो बाजार मधेच एकदम बंद पडायचा, पापणी लवावी एवढाच वेळ, आणि मग सगळा थवा ज्वारीवर झेपावायचा.

तीनचार वेळा ऐकल्यावर त्यांना खूण पटली. बाभूळ गप्प झाली, की सोजराबाई नुसत्या उभ्या राहायच्या आणि पदर झटकायच्या. थवा हवेतच वळून परत. लवकर उभं राहिलं तर चिमण्या दुसऱ्या बाजूनं येत, उशीर झाला तर बसून जात. बाभळीचं गप्प होणं कानात घ्यायचं, बस. पोपटांचं तंत्र वेगळं होतं, तेही आठ दिवसांत कळलं. ज्वारीला चोच लागेनाशी झाली.

महिना संपला. आवाज परत आला. मी त्यांच्या घरी हळदीचं दूध घेऊन गेले, तर सोजराबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, आवाज आला वं. पन आता मले वरडाचं नाई."

"का हो?"

"वरडलं की मले काहीच आयकू येत नाई. अकरा वर्सं मी तथी बसलो आन नाला कधी आयकला नाई. आता ते मचान सुटलं तर घरी काय, गिरनी आयकू?"

इकडे आमच्या भिंतीपलीकडे वेगळंच संकट उभं राहिलं होतं. किसनराव रोज सकाळी ओट्यावर चहाची बशी घेऊन बसत. नाल्यापलीकडून पहिली आरोळी आली की बशी खाली ठेवत आणि टमरेल घेऊन उठत. अकरा हंगामांत यात खंड नव्हता. बिनहंगामाच्या दिवसांत थोडा त्रास व्हायचा, पण हंगामात आरोळी नाही म्हणजे काय! त्यांची बायको कौशल्याबाई भिंतीवरून मला म्हणाल्या, "महिना झाला व माय, एरंडेल पाजून थकलो. मानूस नुसता ओट्यावर बसून राह्यते."

शेवटी किसनराव शेतात गेले. मचाणाखाली उभे राहून ओरडले, "सोजराबाई! तुमी वरडून काऊन नाई राह्यल्या?"

"कनसं पाहा ना बापू."

"कनसं पाह्यली. भरली हायेत. वरडनं कुठी हाय?"

"एक दाना गेला का तुमचा?"

"दान्याचं नोका सांगू मले. म्या राखन लावली, का मौन लावलं? आवाज आला पाह्यजे. नाई तं मले कसं समजन, राखन होऊन राह्यली म्हून?"

"बापू, दिसून राह्यलं ना डोयाले!"

"घरी बसून दिसते का?"

किसनराव त्यांना काढणार होते, पण कौशल्याबाई म्हणाल्या, अकरा वर्षं राखणारी बाई अशी काढू नका, वरडाले दुसरी ठेवा. म्हणून मंजुळाबाई आली. मंजुळाबाई भाजी विकायची, आणि तिच्या गळ्यातून "वांगे घ्याऽऽ" असं निघालं की गायी दावं तोडत. तिला मचाणाच्या खाली बसवलं. वर ऐकणारी, खाली ओरडणारी.

पहिल्या आरोळीला किसनरावांची बशी खाली गेली. कौशल्याबाईंनी एरंडेलाची बाटली फडताळात मागे सारली.

शेतात मात्र वाईट चाललं होतं. मंजुळाबाई एका दमात ओरडे, थांबे, पान लावे, पुन्हा ओरडे. त्या गोंधळात बाभूळ कधी गप्प झाली हे सोजराबाईंना कळेना. आणि चिमण्यांना दोन दिवसांत कळलं, की ही पान लावायला बसली की आपण बसायचं. चार दिवसांत नाल्याकडचा कोपरा नुसती बिनदाण्याची बोंडकं होऊन उभा राहिला.

सोजराबाईंनी किसनरावांना हात धरून तो कोपरा दाखवला. किसनरावांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"एवढं वरडूनबी खाल्लं! म्हंजे पाखरं बम वाढली." मग विचार करून म्हणाले, "अजून एक वरडनारी लावा लागते."

सोजराबाई मचाणाकडे वळल्या. मचाणावरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, गोफण किसनरावांच्या हातात दिली आणि चालू लागल्या. अकरा वर्षांत दिवस बुडायच्या आधी त्या पहिल्यांदा गावात शिरल्या. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्या आमच्या दारापाशी थांबल्या, गिरणी आत्ताच कानात शिरल्यासारखं तोंड करून आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं, पाणी मागितलं आणि प्यायल्या नाहीत. तेवढ्यात गोफण घेऊन किसनराव मागून आले.

"अशी रागानं कोनी जाते का?"

सोजराबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला. "बापू, मले एकच सांगा. मंजुळाचं वरडनं कोनासाठी हाय? पाखराईसाठी, का तुमच्यासाठी?"

किसनराव माणूस हट्टी, पण खोटं बोलणारा नव्हता. त्यांनी बराच वेळ गोफणीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. भिंतीपलीकडे कौशल्याबाईंचं भांडं घासणं थांबलं होतं.

"तसं पाह्यलं तं... माह्यासाठी," ते म्हणाले.

"मंग तिले शेतात कायले बसवता? तुमच्या आंगनात बसवा. तथी तुमाले अजून चांगली आयकू येईन."

भिंतीपलीकडून कौशल्याबाई म्हणाल्या, "मी तं हेच सांगनार होतो." त्या असलं काही सांगणार नव्हत्या, हे मला पक्कं माहीत आहे, पण किसनरावांना ते एकदम पटलं. गोफण त्यांनी परत दिली. सोजराबाईंनी ती कमरेला खोचली आणि तशाच उलट्या पावली नाल्याकडे गेल्या, कारण दिवस बुडायला अजून अवकाश होता.

दुसऱ्या दिवसापासून मंजुळाबाई पहाटे किसनरावांच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली बसू लागली. सकाळी दहापर्यंत ओरडायची, मग भाजी घेऊन फिरायची. गावात सोयरीक पाहायला आलेले पाहुणे विचारत, ही बाई कुणावर ओरडते? किसनराव अभिमानानं सांगत, "आमची राखन हाय." ग्रामसेवकानं वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं.

त्रास झाला तो मला. आमची एकच भिंत. चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी पहाटेच सोजराबाईंची भाकर पोचवायच्या निमित्तानं नाला ओलांडून मचाणावर चढले. त्यांनी सरकून जागा दिली, तोंडावर बोट ठेवलं. मला आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसते माझेच श्वास. मग पान. मग नाला, त्याचा तो दगड. मग बाभळीवर कलकलाट सुरू झाला.

गावाकडून, अर्ध्या कोसावरून, मंजुळाबाईची पहिली आरोळी आली. बाभळीवरच्या एकाही चिमणीनं मान वळवली नाही.

सोजराबाई माझ्या कानाशी आल्या. "पाखराईले वाटते," त्या कुजबुजल्या, "कोनीतरी किसनबापूले हाकलून राह्यलं."

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात बाभूळ गप्प झाली, आणि सोजराबाई उभ्या राहिल्या.