दंड भरणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई कारखानीस दरवर्षी ऑस्ट्रेलियन सरकारला राजीखुशीने दंड भरत, आणि वर ते चारचौघांत सांगत. इथल्या वेरिबी उपनगरातल्या एका सत्यनारायणाला मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. जून महिना होता. आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या लोकांना देवापेक्षा कर जास्त आठवतो. इथे पगार बरा असेल आणि खासगी हॉस्पिटलचा विमा नसेल, तर सरकार जादा कर लावतं. तो चुकवायला लोक सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतात. आजारपणात तिचा फारसा उपयोग नसतो, पण आजारी पडायला ती घेतंय कोण! प्रसादाचा शिरा खात सगळे एकमेकांना पॉलिसी सुचवत होते, लग्नाची स्थळं सुचवावीत तशा. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या ताई म्हणाल्या, "मी नाही घेत. मी दंड भरते."

"पण का?" मी विचारलं.

"सार्वजनिक गणपतीला वर्गणी देतोस ना? मग सार्वजनिक हॉस्पिटलला द्यायला काय झालं?"

ताई रेल्वेत सिग्नल इंजिनिअर होत्या. त्यांचे यजमान इथल्या सरकारी हॉस्पिटलात तीन आठवडे होते आणि तिथेच गेले. "तीन आठवड्यांत मला पैसे मागितले ते फक्त पार्किंगवाल्याने," एवढंच त्या त्याबद्दल सांगत. मुलगा सिडनीला, गिरावीनमध्ये. घरी ताई एकट्या. तरी त्यांच्याशी वाद घालायला माणसं येत राहत, आणि त्यांत मी आघाडीवर होतो.

मी त्यांना एकदा रीतसर तक्ता काढून दाखवला, की दंडापेक्षा पॉलिसी स्वस्त पडते. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे. मुद्दा चुकलाय." पुढच्याच वर्षी मलाच दंडाचं पत्र आलं. मी घेतलेली पॉलिसी चष्मा, दात आणि मसाज यांची निघाली. हॉस्पिटल तिच्यात नव्हतंच. ताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "अभिनंदन रे निखिल! तूही वर्गणीदार झालास. फक्त झोपेत झालास."

त्याच सुमारास त्यांचा उजवा खुबा दुखायला लागला. सांधा झिजला होता, बदलायला हवा होता. सरकारी यादीत नाव लागलं. त्यांना तपासणारा सर्जन आठवड्यातले काही दिवस खासगीतही ऑपरेशनं करायचा. पैसे भरले तर महिन्याभरात काम होणार होतं.

"तोच डॉक्टर, तेच हात," मी म्हटलं. "मग अडतंय कुठे?"

"तेच हात ना? मग ते माझ्या आधी नाव लावलेल्यांच्या कामी आधी येऊ देत."

मग करोना आला. तातडीची नसलेली ऑपरेशनं थांबली आणि यादी जागच्या जागी गोठली. कोणाचा खुबा तातडीचा हे ठरवणाऱ्यांचे खुबे शाबूत असावेत. ताई काठीवरून वॉकरवर आल्या. अशीच ढकलगाडी चालली तर पुढे ऑपरेशन होऊनही चाल पूर्ववत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. मुलगा व्हिडिओवर चिडायचा, "आई, just pay, please! I'll pay!" त्या म्हणायच्या, "तू मास्क नीट लाव आधी." पण एकदा सामान द्यायला गेलो, तर दारापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला की मी घाबरलो. दार उघडलं तेव्हा कपाळावर घाम होता.

"ताई, आता तत्त्व पुरे झालं हो."

"दुखतंय म्हणून बदललं तर ते तत्त्व कसलं? सोय झाली ती." मग खालच्या आवाजात, "भीती वाटते रे. पण भीती वाटते म्हणून रांगेत घुसायचं नसतं."

मी दुधाचे कॅन उगाच नीट मांडत राहिलो.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईंना हॉस्पिटलचा फोन आला, तेव्हाही मी त्यांच्या अंगणात, ठरलेल्या अंतरावर उभा होतो. फोन स्पीकरवर होता. सरकारी हॉस्पिटलं करोनाने भरली होती, म्हणून यादीतले काही रुग्ण सरकार आपल्या खर्चाने खासगी हॉस्पिटलात पाठवत होतं. गुरुवारी याल का, असं पलीकडची बाई विचारत होती. ताईंनी इंग्रजीत विचारलं, "हा माझा नंबर आहे, की मी कोणाच्या पुढे घुसतेय?"

असा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. मग की-बोर्डचा आवाज आला. "तुमचाच नंबर आहे, लव्ह," ती इथल्या सवयीच्या लाडाने म्हणाली. "खरं तर बराच आधी यायला हवा होता."

"मग येते," ताई म्हणाल्या, आणि पदराने नाही, मास्कनेच डोळे पुसले.

ऑपरेशन नीट झालं. भेटायला आत सोडत नव्हते, म्हणून तिसऱ्या दिवशी मी कार पार्कमध्ये जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ताई वॉकर धरून उभ्या होत्या. सरळ उभ्या. फोन वाजला.

"स्वतंत्र खोली आहे रे. खाली बाग दिसते. घंटी दाबली की नर्स येते, आणि जेवण गरम असतं."

मला राहवलं नाही. "बघा, मी काय सांगत होतो! विम्याने हेच मिळतं."

"म्हणजे सरकारला हे करता येतं तर!" ताई कडाडल्या. "इतके दिवस सांगत होते, परवडत नाही, जागा नाही, माणसं नाहीत. आणि आता एका फोनवर जमलं? मग सगळ्यांना का नाही?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. फिजिओथेरपिस्ट आली होती, आणि ताईंना चालायचं होतं.