जिनातले आठ दिवे कोणी विझवायचे?

नंदुरबारच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी उभा जन्म इंजिन चालवलं. कापसाचा रुवा कानात साचतो, तसे किस्से साचलेत. माझी शाळा तिसरीपर्यंत. जिनाच्या शेठनं वीज करायचा डायनामो आणला आणि शाळेचे मास्तर दर शनिवारी सातवीची मुलं वीज शिकायला माझ्याकडेच आणायला लागले!

पहिल्या दिवशी मास्तरांनी फळाभर लिहिलं. माझ्या डोक्यात काही शिरेना. हातानं फिरवायचा छोटा डायनामो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दांडा फिरवला, एक दिवा लागला, मास्तर हसले. मी दुसरा जोडला, तिसरा जोडला. दांडा जड झाला, मास्तरांची टोपी खाली!

म्हटलं, "आता लिहा, वीज कुठून येते."

मास्तरांनी फळा पुसला.

*

जिनातली वर्गाची खोली काजळीनं काळी. मुलं म्हणाली, मोठा बल्ब लावा. मी चुन्याची बादली दिली. भिंती पांढऱ्या झाल्या, बल्बवर घासलेल्या पत्र्याची टोपी बसली. बल्ब तोच, पण कोपऱ्यात पडलेली सुई दिसू लागली.

एकाची आई चुन्यानं भरलेला सदरा घेऊन भांडायला आली. खोली बघितली आणि उरलेला चुना मागून घेऊन गेली.

*

पुढं मुलांनी शिकता शिकता खोलीत आठ दिवे जोडले आणि पंचाईत झाली. धडा संपला तरी आठ दिवे जळतच. लागलेला दिवा आपल्या हातानं विझवायचा नसतो, हे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. शेठ मारवाडी, तापट. म्हणाले, पुन्हा दिवे फुकट जळताना दिसले तर वर्ग बंद.

मी मुलांवर ओरडायचो. स्वतः बटण दाबायचो का? छे! सगळे गेले की इंजिनावरून गुपचूप डायनामोचा पट्टा काढायचो, दिवे आपोआप जायचे.

*

एका शनिवारी धडा संपला आणि शेठ दारात. सोबत त्यांची म्हातारी आई, सगळ्यांच्या माजी. आठही दिवे लख्ख.

मी म्हटलं, "तुम्हीच बंद करा, मालक."

शेठचा हात बटणापर्यंत गेला. माजींनी दिव्यांना हात जोडलेले. शेठचा हात खाली आला.

"वर्ग आजपासून बंद," शेठ म्हणाले.

मी छोटा डायनामो माजींपुढे सरकवला. त्यांनी दांडा फिरवला, दिवा लागला, माजी खुलल्या. मग दम लागला, हात थांबला, दिवा गेला. त्यांनी वर जळणाऱ्या आठ दिव्यांकडे पाहिलं.

"आनि हाई कोन फिराई ऱ्हायनं?"

"इंजिन, माजी."

"कवयपाईन?"

"सकायपाईन."

सकाळपासून इंजिन एकटं राबतंय, हे ऐकताच माजींनी पदर खोचला आणि एकेक करून आठही बटणं दाबली.

जाताना दारातून मला म्हणाल्या, "शनवारले माले बी बलावजो."