एका बाकड्याचा उद्देश

आमच्या ह्यांनी आयुष्यभर स्वारगेट डेपोत कंडक्टरकी केली. अख्ख्या गाडीला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणणारा माणूस, पण हृदयाच्या ऑपरेशननंतर स्वतः खुर्चीतून सरकेना. डॉक्टर म्हणाले, रोज बागेपर्यंत चाला. चाललेही चार दिवस. पण निम्म्या वाटेवर दम लागायचा आणि तिथे टेकायला काही नव्हतं. एकदा किराणा दुकानाच्या पायरीवर बसले, तर दुकानदार म्हणतो, "आजोबा, गिऱ्हाईक अडतंय." झालं! तेव्हापासून ह्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. खिडकीत बसून नुसते रस्ता बघायचे. माझ्या जिवाला घोर लागला.

त्याच सुमारास महापालिकेने अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या. मी तडक येरवड्याच्या वॉर्ड ऑफिसात गेले. टेबलामागे एक मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली. खराडीच्या कुठल्याशा कंपनीतून आली होती, महापालिकेला नव्या पद्धतीचं अंदाजपत्रक शिकवायला.

"एक बाकडं हवंय," मी म्हटलं.

"काकू, आता वस्तू नाही मागायच्या. प्रोग्रॅम बजेट आहे ना! आधी कशासाठी ते ठरवायचं, मग काय घ्यायचं ते. तुमचा उद्देश काय?"

"बसणे."

"तसं नाही हो काकू. आउटकम सांगा. बाकडं आलं की काय बदलेल?"

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत सरकारी टेबलापलीकडून हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "आमचे हे घराबाहेर पडतील."

तिने टाइप केलं: 'ज्येष्ठ नागरिकांचे घराबाहेर पडण्याचे प्रमाण वाढविणे.' वाचून वाटलं, माझ्या घरात एक नाही, पलटणच बसलीय.

पुढच्या वर्षी नेमक्या त्या निम्म्या वाटेवर फुटपाथ खणला गेला. मी रोज डोकावून यायची. शेवटी एका सकाळी तिथे हिरवंपिवळं लोखंडी धूड उभं! व्यायामाचं यंत्र. आमचा उद्देश वरच्या कुणीतरी 'ज्येष्ठांचे आरोग्य' या कार्यक्रमात नेऊन घातला होता. असा संताप आला मला! बाकडं मागितलं, तर महापालिकेने तालीम काढून दिली. घरी येऊन तणतण तणतणले.

हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्याला बसायला आहे का?"

"आहे. समोरासमोर दोन जागा. बसून पायाने ढकलायचं."

"चल, बघू."

कित्येक महिन्यांनी ह्यांनी उंबरा ओलांडला. थांबत थांबत पोचलो. हे एका जागेवर बसले, समोर मी. ढकललं कुणीच नाही. एक ट्रॅकसूटवाला तरुण घाम पुसत थांबला. "आजोबा, नुसतं बसायचं नसतं इथे. एक्सरसाइझ करायची असते."

"करतोय की," हे म्हणाले. "घरापासून इथवर आलोय."

मला एकदम भरून आलं. पदराने चष्मा पुसला आणि धुळीला नावं ठेवली. ह्यांची धाप ओसरल्यावर बागेपर्यंत जाऊनही आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवत होते, तर हे चपला घालून दारात उभे.

"अहो, चहा?"

"आल्यावर. उशीर केलास तर जागा मिळायची नाही."