साडूभाऊंची बिजागरी

न उडणाऱ्या विमानाच्या जोरावर इतका मान मिळवलेला माणूस आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. मी हिंगोलीत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. सकाळी जळून आलेली मोटार संध्याकाळी पाणी ओढते. हा दूर दक्षिणेत सरकारी कारखान्यात देशी लढाऊ विमान बनवायचा, आणि ते विमान नव्वद सालापासून 'पुढच्या वर्षी' उडत होतं. तरी शिरड शहापूरला सासुरवाडीत धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला बसले की पहिलं ताट त्याचं. धोंडा येतो तीन वर्षांनी. असे तीन धोंडे आम्ही पुरणासकट पचवले, विमान जमिनीवरच. "माझा जावई इमान बनवून राहिला," असं सासरे पारावर सांगत. माझी आठवण त्यांना त्यांची मोटार जळाल्यावर व्हायची.

आणि बनवत काय होता? चाकं पोटात घेतल्यावर जे दार मिटतं, त्या दाराची बिजागरी. एक बिजागरी! "आता काय अडलंय?" असं मी दर वेळी सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायचो. कधी वजन जास्त भरलं, कधी बाहेरच्या देशानं पुर्जे अडवले. एकदा आपलं इंजिन वेळेत होईना म्हणून परक्याचं बसवायचं ठरलं. त्यासाठी पोट बदललं, पोटासाठी दार बदललं आणि दारासाठी पुन्हा बिजागरी. "नवव्यांदा करून राहिलो, साडूभाऊ," तो शांतपणे म्हणे. "वर गेल्यावर रस्त्याच्या कडंला थांबवता येत न्हाई ना." सासरे माझ्याकडे असे बघत, जणू पुर्जे मीच अडवले होते.

विमानाच्या पोटात एखादा पाना विसरला तर घात होतो, म्हणून कारखान्यात कामाआधी आणि कामानंतर हत्यारं मोजतात. ही सवय त्यानं सासुरवाडीतही आणली. एका धोंड्याला वाढायचा एक डाव कमी भरला, तर त्यानं पंगत उठू दिली नाही. हात वाळले, मेव्हणा पेंगला, शेवटी डाव आमटीच्या पातेल्यात सापडला. "याला म्हंतेत शिस्त!" सासरे म्हणाले. त्याच सकाळी मी त्यांची मोटार विहिरीतून काढून, दुरुस्त करून, परत बसवली होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी जळत होतो, अगदी उघड जळत होतो.

पुढे एका थंडीत सासरे हिंगोलीच्या दवाखान्यात दाखल झाले. "काळजीचं काही नाही, चार दिवसांत घरी जातील," डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात साडूचा निरोप आला, विमान आता नक्की उडतंय. सासरे नर्सला, शेजारच्या पेशंटला, झाडूवाल्याला तेच सांगत सुटले. मला ते सहन होईना. मी एसटीडी बूथवर गेलो आणि फोन केला, "मामांचं काही खरं न्हाई. तुमाला बोलावून राहिले." डॉक्टरांचं वाक्य मी गिळलं. हा विमान सोडून येणार नाही, आणि उशाशी कोणता जावई उभा राहतो ते मामांना एकदाचं कळेल, असा माझा हिशेब होता.

तो दुसऱ्याच दिवशी आला, रेल्वेत उभ्यानं. सासरे शिरा खात होते. "मामा बरे दिसून राहिले!" म्हणून त्याचे डोळे भरले. शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या रेडिओनं सांगितलं, देशी विमान उडालं. मी दुकानाकडे धावलो. माझ्या कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून तो सकाळपासून तिथे नवी बिजागरी घासत बसला होता.

"उडालं," मी म्हणालो.

कानस थांबली. "चाकं आत घेतली का?"

"तसं काही सांगितलं न्हाई."

"न्हाईच घेत पहिल्या खेपेला. खालीच ठेवतेत." तो हसला. "म्हंजे माझ्या बिजागरीचं काम अजून व्हायचंच हाय. माझं काय हुकलं न्हाई, साडूभाऊ."

मग त्यानं बिजागरी बसवली आणि माझे पाने मोजायला घेतले. मोजणी चुकली. त्यानं पुन्हा मोजले, ती पण चुकली. मी शेजारीच उभा होतो. बारा होते, एवढंसुद्धा माझ्यानं सांगवलं नाही.

डॉक्टरांचं ते वाक्य मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कपाट रोज उघडतो. दार जरासुद्धा कुरकुरत नाही. कुरकुरलं असतं तर बरं वाटलं असतं.