धोबीतलावचा रविवार आणि गजाचा ड्रम

मुंबईला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. गजाचं तिरकं, घाईचं अक्षर: "दत्त्या, रविवारी सकाळी धोबीतलावाक गोंयकारांचो जॅझ आसा. दोन तिकिटा काढलय. शनिवारी ये. इलंस नाय तर येवन तुझे रेकॉर्डी फोडून टाकतलय."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी तेविशीचा, पुण्यात सरकारी कचेरीत चिकटलेला. गजा लालबागला गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. माझे वडील मालवणला पोस्टमास्तर होते तेव्हा आम्ही एका बाकावर बसायचो. शेजारी बोटीवरून निवृत्त झालेले एक म्हातारे बँडवाले राहायचे. त्यांच्या फोनोवर आम्हा दोघांच्या कानांवर जॅझ पडला आणि आमचं डोकं फिरलं. पुढे मी कॉलेजात गेलो, रेकॉर्डी जमवल्या, कोण काय वाजवतो याची वही केली. जॅझमधलं मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. गजाला ते मीच शिकवलं, असासुद्धा.

ब्लॉग नातीने काढून दिलाय, त्यामुळे तिच्या हुकमावरून उपयोगाची माहितीही देतो. शनिवारी सकाळच्या गाडीने दादरला उतरलो. गजाची पहिली पाळी दुपारी साडेतीनला सुटायची, तोवर वेळच वेळ. स्टेशनाबाहेर मिसळ हाणली, वर दोन चहा, आणि परळवरून जाणाऱ्या ट्राममध्ये बसून लालबागला गेलो. एका आण्यात एवढं शहर बघायला मिळायचं. आता ट्राम नाही, बस आहे. गणपतीच्या दिवसांत मात्र तिकडे फिरायला जायच्या फंदात पडू नका, पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

गजाच्या खोलीत त्याच्याच गावची नऊ माणसं राहायची. जेवण खाणावळीत. बांगड्याचं तिखलं असं होतं की डोळ्यांतून पाणी आणि पुन्हा वाढा! जेवताना एक गंमत बघितली. गजा आणि पलीकडच्या पंगतीतला एक गडी नुसते ओठ हलवून बोलत होते. आवाज नाहीच. मध्येच दोघं खो खो हसले.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"साचेखात्यात कानाक तोंड लावलंस तरी ऐकाक येणा नाय रे," गजा म्हणाला. "आमी ओठ वाचतो. ह्यो माका सांगता, तुझो पुणेकर भात चिवडता."

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

रविवारी सकाळी धोबीतलावला उतरलो. हॉल पहिल्या मजल्यावर. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे टेबलांवर कोल्ड कॉफी आणि कटलेट. कटलेट उत्तम, कॉफी पाणचट. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. बँडचा म्होरक्या मिंगेल मास्तर. गोव्याचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण ट्रम्पेट ओठाला लावला की अंगावर काटा यायचा. मी गजाला समजावत होतो: हे बघ, आता मूळ चाल येईल, मग एकेक जण आपापलं वाजवेल, नीट ऐक.

"आता ड्रमवालो थांबतलो बघ," गजा म्हणाला.

ड्रमवाला थांबला.

"तुला कसं कळलं?"

"मास्तर बोललो ना त्येका."

मास्तर दोन फुंकींच्या मध्ये साथीदारांना काहीबाही सांगत होता. ट्रम्पेटच्या गदारोळात ते कुणाला ऐकू जाणार? पण भाषा कोकणी, आणि गजाला ओठ दिसत होते. पियानोवाल्याला पडलेली शिवी त्याला कळली, पुढची चाल कोणती तेही कळलं. सगळ्या हॉलच्या आधी हा माणूस हसत होता. आणि त्याची बोटं टेबलावर चालली होती. दोन हात, दोन वेगळे ताल, कटलेटची बशी नाचवत.

माझा जळफळाट व्हायला लागला. साधासुधा नव्हे हो. माझ्याकडे वही, माझ्याकडे रेकॉर्डी, आणि आतली गोष्ट कळतेय कुणाला, तर मॅट्रिक नापास गजाला!

मग तर कहरच झाला. मास्तरने गजाचं हसणं टिपलं आणि वरूनच ओठ हलवून काहीतरी विचारलं. गजाने तसंच उत्तर दिलं. गाण्यागाण्यामध्ये दोघांच्या गप्पा सुरू, माझ्या डोक्यावरून. मास्तरची नजर माझ्यावर एकदासुद्धा पडली नाही. मी दोनदा मुद्दाम मोठ्याने "वाहवा!" केलं. शेजारच्या बाईने वळून बघितलं, एवढंच.

मध्यंतरात मास्तर घाम पुसत थेट आमच्या टेबलाशी आला. "हात दाखय रे. खंय काम करता?"

"गिरणीत. साच्यार."

"दोन साचे एकदम सांभाळता? मग तुका ड्रम कितें कठीण! शो सोंपल्यार राव. काठ्यो दितां हातांत."

शो संपल्यावर थांब, काठ्या हातात देतो, हे ऐकून गजा कानापर्यंत लाल झाला. लहानपणी म्हाताऱ्यांच्या फोनोपुढे डबे बडवणारा गजा, त्याला हेच हवं होतं. मला हे ठाऊक होतं. त्या हॉलमध्ये हे ठाऊक असलेला माणूस मी एकटा.

शो संपला. गजा आमच्यासाठी सोडा आणायला खाली गेला. तेवढ्यात मास्तर आला. माझ्याशी बोलला तो पहिल्यांदाच, आणि तेही काय, "तुझा दोस्त किधर गेला? दर रविवारी सकाळी आठला येऊ दे त्याला. मी शिकवतो. फुकट."

मी म्हणालो, "नाही हो, त्याला जमायचं नाही. तुमच्या तोंडावर बोलायला लाजला. त्याला यात काही रस नाही, नुसता मजा करायला आला होता."

कसं निघालं तोंडातून, विचारू नका. अगदी सफाईने निघालं. मास्तरने खांदे उडवले आणि ट्रम्पेट पेटीत ठेवायला गेला. मी समोर पाहिलं. वीसेक पावलांवर, दारात, गजा दोन बाटल्या घेऊन उभा होता. हॉलमध्ये खुर्च्या ओढण्याचा गोंगाट, एक शब्द त्याच्या कानावर जाणं शक्य नव्हतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

त्याने बाटली माझ्या हातात दिली. "थंड आसा, पी," म्हणाला.

संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती. लालबागहून माणसं चालत निघाली, आम्हीही त्यांच्यात. परळ सोडलं, दादर जवळ आलं, गजा ओळखीच्या गिरणीवाल्यांना हात करत चालला होता. मला वाटलं, कदाचित नसेल वाचलं. मग पार्काच्या तोंडाशी गर्दी दाटली तेव्हा तो माझ्या कानाशी आला.

"दत्त्या, माका ड्रम वाजवूक इलो तर तुझा काय जाता रे?"

भांडला असता तर मी भांडलो असतो. त्याने खरंच विचारलं होतं. त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात घोषणा उठली, आणि मी मुठी आवळून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" सभा संपेपर्यंत ओरडत राहिलो. घसा बसला. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, काय कडवा कार्यकर्ता आहे. मी फक्त उत्तर टाळत होतो.

सोमवारी पहाटे, पाळीला जायच्या आधी, गजा मला दादरला सोडायला आला. वाटेत खायला खाजा बांधून दिला. नीट जा म्हणाला.

पुण्यात परतल्यावर आठवडाभर झोप नीट लागली नाही. मास्तरला खरं कळवावं असं रोज वाटायचं आणि रोज मी उद्यावर ढकलायचो. महिनाभराने कार्ड आलं: "मास्तराकडे जावन सगळा सांगलय. दर रविवारी जातय. हात बरो बसता म्हणता." सुटलो रे बाबा, असं वाटायला हवं होतं की नाही? मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की मिळालंच शेवटी याला.

पुढची दोन वर्षं तो शोची तिकिटं पाठवत राहिला, माझ्यासाठी एकेक. कधी कचेरीत काम निघालं, कधी आईला बरं नव्हतं, कधी मीच आजारी. सगळी कारणं खोटी. तो वाईट वाजवत असता तर मी गेलोही असतो. पण मास्तर आता त्यालाच पुढे बसवतो असं कार्डात असायचं, आणि गजा काही थापा मारणारा नव्हता.

मग त्याच्या भावाचं कार्ड आलं. काविळीने आठ दिवसांत गेला.

माझ्याकडे आज चारशे रेकॉर्डी आहेत. लांबून लांबून माणसं ऐकायला येतात, मी कोण कधी कुठे वाजवलं ते तासभर सांगतो. मिंगेल मास्तरच्या बँडची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. परवा हे सगळं टाईप करता करता नातीने विचारलं, "आजोबा, गजाआजोबा कसे वाजवायचे?"

माहीत नाही गं, म्हटलं. मी एकदाही गेलो नाही.